डोह कुठे, उतार कुठे: अनोळखी शहरात मुक्कामाचा भाग कसा पारखायचा

अनोळखी शहरात चार दिवसांचा मुक्काम ठरतो. खोली सापडते, फोटो बरे असतात, आणि तेवढ्यात घरातलं कोणीतरी विचारतं, "पण तो भाग सेफ आहे ना?" मग शोधाशोध सुरू होते. एकजण सांगतो, मी तिथून रात्री दोनला चालत आलोय, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. दुसरी बजावते, चुकूनही जाऊ नका, माझ्या बहिणीची पर्स तिथेच गेली. तिसरा एक नकाशा पाठवतो, त्यात तो भाग लालभडक. तासाभराने हातात तीन उत्तरं असतात आणि बुकिंग तिथल्या तिथेच.

तिघांपैकी खोटं कोणीच बोललेलं नसतं. घोळ प्रश्नात आहे. 'भाग' म्हणजे केवढा, 'सेफ' म्हणजे कशापासून, कोणाला, किती वाजता, यातलं काहीच आपण विचारलेलं नसतं. त्यामुळे जो तो आपापल्या अनुभवाचा तुकडा उत्तर म्हणून देतो.

## सरासरी गुडघाभर पाणी

नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे, एवढ्या माहितीवर कोणी नदी ओलांडत नाही. नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा, असतो तसे डोहही असतात. काठावरच्या माणसाला दोन्ही ठाऊक असतात, म्हणून तो बिनघोर पलीकडे जातो. सरासरीचा भरवसा धरून पाण्यात उतरतो तो पाहुणा.

शहरातल्या गुन्ह्यांचंही असंच असतं, आणि हे अभ्यासकांनी मोजून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात पोलिसांना वर्षभरात आलेले फोन कुठून आले, याचा हिशेब लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली मांडला. निम्मे फोन शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून आले होते. पुढे डेव्हिड वाइसबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिअ‍ॅटल शहराची १४ वर्षांची नोंद तपासली. त्यांचं माप होतं रस्त्याचा एक तुकडा, म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा, दोन्ही बाजू धरून. दरवर्षी निम्मे गुन्हे ४ ते ५ टक्के तुकड्यांवरच घडत होते. बहुतेक तुकड्यांची चाल तर वर्षानुवर्षं बदलतच नव्हती.

अशा तुकड्यांना पोलिसी भाषेत 'हॉट स्पॉट' म्हणतात. आपण त्यांना डोह म्हणू.

याचा अर्थ असा की बदनाम वस्तीतल्याही बऱ्याचशा गल्ल्या शांत असतात आणि नावाजलेल्या भागात एखादा चौक असा असतो की तिथे दर आठवड्याला काहीतरी होतं. 'अमुक भाग वाईट' हे वाक्य पाच-दहा हजार माणसांच्या वस्तीबद्दल बोलतं. तुमचा संबंध येणार तो एका दरवाजाशी, त्या दरवाजापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्याशी आणि जेवायला जाल त्या एक-दोन वाटांशी. पारखायचं ते एवढंच. निम्मी चिंता इथेच कमी व्हावी.

## चुलीचे तीन दगड

डोह तिथेच का होतात? १९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी याचं उत्तर फार साधं मांडलं. चोरी व्हायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात: चोरायला तयार माणूस, चोरण्याजोगी वस्तू आणि अडवणारं कोणी नसणं. चुलीच्या तीन दगडांसारखं हे आहे. एक दगड काढला की भांडं बसत नाही.

ही तीन दगडांची गोष्ट एकदा डोक्यात बसली की बरंच काही आपोआप उलगडतं. मोठ्या स्टेशनबाहेर पाकीटमार का असतात? कारण तिथे हातात सामान, डोळे पाटीवर आणि लक्ष घड्याळाकडे असलेली माणसं दर पाच मिनिटांनी ताजी मिळतात. दारूचे अड्डे बंद व्हायच्या वेळेला त्याच रस्त्यावर हाणामाऱ्या का होतात? तोल गेलेली माणसं एकदम बाहेर पडतात आणि आवरणारा कोणी नसतो. सकाळी अकराला हाच रस्ता पोराबाळांनी भरलेला असतो. म्हणजे डोहाला जागा असते तशी वेळही असते, आणि "तो रस्ता कसा आहे" याचं उत्तर वेळेशिवाय देताच येत नाही.

पाहुणा या चुलीतला एक दगड स्वतःच आणतो. त्याच्या अंगावर पासपोर्ट, रोकड, कॅमेरा असतो. तो कोपऱ्यावर थांबून फोनवर नकाशा बघतो. शिवाय चोराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: हा माणूस तीन दिवसांनी निघून जाणार, ओळखपरेडला किंवा साक्षीला कुठला परत येतोय! म्हणून तिथे वीस वर्षं राहिलेल्या माणसाचं "मला कधी काही झालं नाही" खरं असूनही तुमच्या फारसं कामाचं नाही. त्याचा तो दगड नसतोच.

तिसरा दगड, म्हणजे अडवणारं कोणी नसणं, हा सगळ्यात फसवा. 'अडवणारा' म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतो. प्रत्यक्षात हे काम पानटपरीवाला, बाल्कनीतली आजी, कुत्रं फिरवणारा माणूस असे लोक नकळत करत असतात. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांबद्दल लिहिताना यालाच रस्त्यावरची नजर म्हटलं होतं. जिथे वर घरं आणि खाली दुकानं असतात तिथे ही नजर दिवसभर टिकते.

मी एकदा 'शांत, उच्चभ्रू व्यावसायिक परिसर' अशी जाहिरात वाचून खोली घेतली होती. दिवसा झकास. संध्याकाळी सातला सगळी ऑफिसं बंद झाली आणि काचेच्या इमारतींमधून पंधरा मिनिटं चालताना मला रस्त्यात एकही माणूस भेटला नाही. घडलं काहीच नाही. पण घडलं असतं तर हाक मारायची कोणाला, हा प्रश्न खोलीवर पोचेपर्यंत सुटला नव्हता. तेव्हापासून जाहिरातीत 'शांत' शब्द दिसला की मी विचारतो: शांत की सुनसान?

## "पण आकडे आहेत ना?"

आहेत. फक्त ते वाचताना भागाकार कशाने केलाय ते बघावं लागतं.

गुन्ह्यांचा दर म्हणजे गुन्हे भागिले लोकसंख्या. लोकसंख्या म्हणजे तिथे झोपणारी माणसं. व्हॅटिकन सिटीत राहणारे हजारापेक्षाही कमी, आणि वर्षाला येणारे भाविक व पर्यटक लाखोंनी. पाकिटं त्या लाखोंची मारली जातात, भागाकार मात्र मूठभर रहिवाशांनी होतो. त्या हिशेबाने पोपचं घर जगातल्या सर्वाधिक गुन्हे घडणाऱ्या जागांमध्ये जाऊन बसतं. हेच गणित प्रत्येक शहराच्या मध्यवर्ती, पर्यटकांच्या भागाला लागू होतं. तिथे रात्री झोपणारे थोडे, दिवसा फिरणारे प्रचंड. नकाशावर तो भाग लाल दिसणारच.

दुसरी खोट नोंदीत आहे. जे पोलिसांत गेलंच नाही ते आकड्यात येत नाही. अमेरिकेत दरवर्षी घरोघर जाऊन "तुमच्यावर काही गुन्हा झाला का" असं विचारणारं सरकारी सर्वेक्षण होतं. त्यात पुन्हा पुन्हा असं दिसतं की मारहाणीसारख्या हिंसक प्रसंगांपैकी निम्म्याहून कमीच पोलिसांपर्यंत पोचतात. त्यामुळे नोंद कमी दिसली तर ती गुन्हे कमी म्हणून, की तक्रार करून उपयोग नाही असं लोकांना वाटतं म्हणून, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

तिसरी गोष्ट नकाशावरच्या ठिपक्यांची. ब्रिटनच्या पोलिसांचा नकाशा रस्त्यापर्यंतची माहिती देतो, आणि तसा तो फार उपयोगी आहे. पण गुन्हा जिथे घडला तिथेच ठिपका नसतो. लोकांची ओळख झाकण्यासाठी घटना जवळच्या एका ठरावीक बिंदूवर सरकवली जाते, आणि त्या बिंदूच्या टप्प्यात साधारण किमान आठ पत्ते असावेत असा नियम आहे. तेव्हा हॉटेलच्या दारातच ठिपका दिसला म्हणून छाती धडधडायला नको.

मग आकडे टाकून द्यायचे? मुळीच नाही. एकूण बेरीज सोडून गुन्ह्याचा प्रकार बघा. ज्या भागात शंभरातले नव्वद गुन्हे पाकीटमारीचे आहेत तिथे पाकीट आतल्या खिशात ठेवलं की बरंचसं काम झालं. जिथे संख्या थोडी पण धाक दाखवून लुटण्याचे प्रकार त्यात जास्त आहेत, तो भाग नकाशावर फिकट दिसला तरी मी रात्रीसाठी टाळेन.

## रंगवलेल्या भिंती, साचलेला कचरा

फुटलेली खिडकी तशीच राहिली की बाकीच्याही फुटतात, बारीकसारीक बेशिस्तीतून मोठे गुन्हे वाढतात, असा सिद्धांत जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ साली मांडला. तो इतका गाजला की आता आपण भिंतीवर रंगाचे फवारे दिसले तरी पर्स घट्ट धरतो.

पण डोळ्यांना दिसणारी बेशिस्त किती खरी, हाही प्रश्न आहे. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांनी शिकागोत रस्त्यांची प्रत्यक्ष पाहणी केली आणि रहिवाशांना तुमच्या भागात किती बेशिस्त आहे तेही विचारलं. २००४ साली त्यांनी दाखवलं की रस्त्यावरचा कचरा आणि मोडतोड सारखीच असली, तरी जिथे गरीब आणि कृष्णवर्णीय लोक जास्त तिथे लोकांना बेशिस्त जास्त 'दिसते'. गोऱ्यांना दिसते तशी कृष्णवर्णीयांनाही. म्हणजे "काहीतरी विचित्र वाटलं" या वाक्यात बऱ्याचदा रस्ता थोडा असतो आणि बघणाऱ्याचा पूर्वग्रह जास्त.

कचऱ्यावरून मला एवढंच कळतं की पालिकेची गाडी वेळेवर येत नाही. चोर वेळेवर येतो की नाही, ते त्यावरून कळत नाही.

त्यापेक्षा दिव्यांकडे बघावं. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी घरांच्या काही वसाहतींमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून प्रखर दिव्यांचे तात्पुरते मनोरे उभारले गेले. तिथे रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. पाट्या आणि कॅमेऱ्यांची कितीही हौस असली तरी दिवा ही जुनीच गोष्ट कामाची ठरते. दिव्यांनंतर मी बघतो ते माणसांचं मिश्रण. रात्री नऊला रस्त्यावर बायका, म्हातारी माणसं, एखादं रडणारं मूल दिसत असेल तर ती त्या भागातल्याच लोकांनी दिलेली पावती आहे. फक्त तरुण पुरुषांचे घोळके असतील तर मी दुसऱ्या रस्त्याने जातो. ही माझी खूण आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही.

## मग मनाच्या कौलाला किंमतच नाही?

आहे, पण जागच्या जागी. समोरून येणारा माणूस तिसऱ्यांदा रस्ता बदलून मागे आला आणि तुमच्या पोटात गोळा आला, तर तेव्हा आकडेवारी आठवत बसू नका, उजेडात शिरा. तो कौल समोरच्या प्रसंगाबद्दल असतो. तीनशे किलोमीटरवर बसून फोटो बघताना आलेला गोळा ऐकीव गोष्टींचा असतो.

ऐकीव गोष्टींची एक वाईट खोड अशी की जी पटकन आठवते ती वारंवार घडते असं वाटतं. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७३ मध्ये ही चूक प्रयोगांनी दाखवून दिली. एखाद्या चौकातल्या खुनाची बातमी दहा वर्षं लक्षात राहते. त्या चौकातून रोज सुखरूप गेलेल्या हजारोंची बातमी कधी छापलीच जात नाही.

पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचतानाही हेच भान हवं. माझी रीत सोपी आहे: विशेषणं गाळायची आणि नामं ठेवायची. "भयानक भाग", "एकदम सुरक्षित", "वातावरण बरं नव्हतं" हे सगळं गाळलं की पुष्कळशा अभिप्रायांत काही उरतच नाही. पण "रात्री अकरानंतर स्टेशनचं पुढचं दार बंद होतं, मागच्या दाराने पुलाखालून यावं लागतं आणि तिथे दिवा नाही" असं एक वाक्य सापडलं, तर ते पन्नास ताऱ्यांपेक्षा मोलाचं. त्यात जागा आहे, वेळ आहे आणि कारण आहे. हा माणूस तुम्हाला डोह बोटाने दाखवतोय.

## कोणासाठी सुरक्षित?

एकटी बाई, आजीआजोबा, दोन धिप्पाड मित्र आणि तान्हं बाळ घेतलेलं जोडपं यांच्यासाठी एकच गल्ली चार वेगळ्या गल्ल्या असतात. बाईच्या मागे चालत येणं, शेरे मारणं, अंगचटीला येणं यातलं फारच थोडं नोंदवलं जातं, म्हणून नकाशावर हा त्रास जवळपास अदृश्य असतो. तो विचारूनच कळतो, आणि विचारायचं ते आपल्यासारख्याच माणसाला. एकट्या फिरणाऱ्या बाईने एकट्या फिरणाऱ्या बाईचे अभिप्राय शोधावेत. "आम्ही सहाजण होतो, मजा आली" हा तिच्यासाठी अभिप्रायच नव्हे.

## आणि धोका म्हणजे फक्त चोर?

इथे आपल्या सगळ्यांचाच अंदाज चुकतो. २०२१ या एका वर्षात जगात रस्ते अपघातांत सुमारे ११.९ लाख माणसं गेली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच वर्षी खून झालेल्यांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार सुमारे ४.५८ लाख. म्हणजे अडीच पट फरक. आणि खुनांमधले बरेचसे बळी ओळखीच्या माणसांच्या हातचे किंवा टोळ्यांच्या भांडणातले. प्रवाशाचा त्याच्याशी संबंध क्वचितच येतो. रस्ता मात्र रोज ओलांडावा लागतो.

मुक्कामाचा भाग निवडताना हे गणित उलटं फिरतं. मध्यवस्ती 'धोक्याची' म्हणून कोणी शहराबाहेर बारा किलोमीटरवर सुरक्षित खोली घेतो. मग रोज रात्री अनोळखी गाडीत अर्धा-पाऊण तास काढायचा, महामार्गाच्या कडेला उतरायचं, फूटपाथ नसलेल्या रस्त्याने चालायचं. पाकीट वाचवण्यासाठी जीव जास्त वेळ रस्त्यावर ठेवायचा, असा हा सौदा. दिवे आणि वर्दळ असलेली मध्यवस्ती, जिथून सगळं पायी दहा मिनिटांत आहे, ती गोंगाटाची आणि पाकीटमारांची असली तरी पुष्कळदा मला परवडते.

इमारतीचंही बघायला हवं, ते तर कुठल्याच नकाशावर नसतं. बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, आणि त्याच्या दाराला कुलूप तर नाही ना? खोलीच्या दाराला आतून कडी आहे का? तळमजल्याची खिडकी रस्त्यावर उघडत असेल तर चोराची सोय, आणि फार वरचा मजला असेल तर अग्निशामक दलाच्या शिडीची गैरसोय. मी मधला मजला मागतो आणि आत शिरताना दारं मोजतो: माझ्या खोलीपासून जिना कितवा. धुरात डोळे उघडत नाहीत, तेव्हा हात भिंतीवर ठेवून मोजलेली दारंच उपयोगी पडतात.

## बुकिंगच्या आधीची वीस मिनिटं

पत्ता हाती आला की मी गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर स्टेशन किंवा बसथांब्यापासून दरवाजापर्यंत चालतो. फोटो कोणत्या वर्षीचा आहे ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ते आधी बघायचं. आठ वर्षांपूर्वीची गजबजलेली गल्ली आज बांधकामाच्या पत्र्यांमागे असू शकते. फोटो दिवसाचेच असतात, म्हणून दिव्यांचे खांब मोजायचे. भुयारी मार्ग, पुलाखालचा पट्टा, लांब कुंपण, मोकळं वाहनतळ यांपैकी काही वाटेत लागतंय का ते बघायचं. मग त्याच वाटेवर रात्री अकराला काय उघडं असतं ते नकाशावर तपासायचं. एक औषधाचं दुकान उघडं असलं तरी पुरे.

त्यानंतर फोन. रिसेप्शनला "तुमचा भाग सेफ आहे का" असं विचारू नका. ते "हो" म्हणणार, दुसरं काय म्हणतील? त्याऐवजी विचारा: "माझी गाडी साडेअकराला येते. तुमचे पाहुणे त्या वेळी चालत येतात की गाडी करतात? आणि कोणत्या रस्त्याने?" ज्याला रस्ता ठाऊक आहे तो लगेच सांगतो, मोठ्या रस्त्याने या, देवळाच्या बाजूने येऊ नका. हे उत्तर ऐकून घाबरायचं कारण नाही. डोह कुठे आहे हे सांगणारा माणूस भेटला, याचा अर्थ तिथे उतारही आहे. मला शंका येते ती "काही प्रॉब्लेम नाही सर" एवढंच तीनदा म्हणणाऱ्याची.

एवढं करूनही खात्री होत नसेल तर चार रात्रींऐवजी एकाच रात्रीचं बुकिंग करावं आणि शक्यतो उजेड असताना पोचावं. सामान खोलीत टाकून संध्याकाळी एक चक्कर मारली की तासभर वाचून कळलं नव्हतं ते बहुधा दहा मिनिटांत कळतं. उरलेल्या तीन रात्रींचं त्यानंतर ठरवता येतं.